जमिनीच्या भावाचा भारांक शून्य कसा आला?

संत्र्याचं पॅकिंग हाऊस काटोलला, कळमेश्वरला की बुटीबोरीला? निकष तीन: बागांपासूनचं अंतर, रस्ता, जमिनीचा भाव. प्रत्येकाचं महत्त्व सांगणारा आकडा म्हणजे भारांक. एएचपी या पद्धतीत निकषांच्या जोड्या लावायच्या, कोण किती पट महत्त्वाचा ते लिहायचं आणि त्यातून भारांक काढायचे. ‘अंतर रस्त्यापेक्षा बऱ्यापैकी महत्त्वाचं’ यातल्या ‘बऱ्यापैकी’चा नेमका आकडा बागवानही सांगणार नाही. म्हणून ३ ऐवजी (२, ३, ४) ही त्रिकोणी संख्या घ्यायची: कमीत कमी, मधला, जास्तीत जास्त. झादेह यांच्या १९६५ च्या फझी, म्हणजे धूसर काठांच्या, संचांचं इथे एवढंच काम.

नमुन्यादाखल आकडे धरू. अंतर विरुद्ध रस्ता (२, ३, ४), अंतर विरुद्ध भाव (४, ५, ६), रस्ता विरुद्ध भाव (२, ३, ४). उलट तुलना लिहिताना क्रमही उलटतो: (१/४, १/३, १/२). एक्सेलमध्ये सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

आता अशा तक्त्यातून भारांक काढायची चांग यांची १९९६ ची पद्धत लावा. ओळींच्या बेरजा एकूण बेरजेने भागल्या की रस्त्याला (०.१८, ०.२९, ०.४७) आणि भावाला (०.०८, ०.१०, ०.१५) मिळतात. दोन त्रिकोण एकमेकांना शिवतच नाहीत, म्हणून ‘भाव रस्त्याहून वरचढ असण्याची शक्यता’ शून्य. भारांक निघतात ०.८२, ०.१८ आणि ०. म्हणजे जमीन कितीही महाग असो, निकालात फरक शून्य! गंमत म्हणजे मधल्या आकड्यांचं सुसंगती गुणोत्तर, म्हणजे तुलना एकमेकींशी किती विसंगत आहेत त्याचं माप, ०.०३ आहे, ०.१ च्या मर्यादेत. तक्त्यात खोट नाही. ही पद्धत ‘कोण वरचढ’ एवढंच मोजते आणि तोच आकडा महत्त्व म्हणून पुढे करते.

त्याच तक्त्यावर बकली यांची १९८५ ची भूमितीय सरासरी लावली की ०.६३, ०.२६, ०.११ येतात. फक्त मधले आकडे घेणाऱ्या साध्या एएचपीचं उत्तर ०.६४, ०.२६, ०.१०. मग फझीचा खटाटोप कशाला? पसाऱ्यासाठी. अंतराचा भारांक ०.४३ ते ०.९२ मध्ये कुठेही असू शकतो, हे साधी एएचपी सांगत नाही. शेवटी एकच आकडा काढून पसारा फेकून द्यायचा असेल, तर साधी एएचपी पुरे.

जागांचा क्रम लावायला मात्र फझी टॉप्सिस बरी; प्रत्येक जागा आदर्श जागेच्या किती जवळ आहे ते ती मोजते. जोड्या लावत बसावं लागत नाही. चेन यांच्या २००० च्या मांडणीत जागेला द्यायचा सर्वांत खालचा शेरा म्हणजे (०, ०, १); भावासाठी त्याला ‘फार कमी’ म्हणू. भाव हा खर्चाचा निकष, कमी तेवढा चांगला; म्हणून आकडे ० ते १ मध्ये आणताना रकान्यातला सर्वांत लहान आकडा अंशात जातो आणि जागेचा आकडा छेदात. एखाद्या जागेला ‘फार कमी’ दिलं की अंश शून्य, आणि अख्खा रकाना मेला. चांगमधून वाचवलेला भाव इथे पुन्हा गेला! शब्दांऐवजी एकराचा भाव थेट रुपयांत टाका, हे सगळ्यात सोपं.

आणखी एक. प्रत्येक निकषावर आदर्श (१, १, १) धरला, भारांकांची बेरीज १ ठेवली आणि निकष तीन असले, तर जवळिकीचा गुणांक, म्हणजे जागा आदर्शाच्या किती जवळ ते सांगणारा टॉप्सिसचा शेवटचा आकडा, ०.३३ च्या वर जाऊच शकत नाही. ०.२८ बघून जागा वाईट ठरवू नका, दुसरीचा किती ते पाहा. दोघींत ०.०१ चाच फरक असेल, तर रस्त्याचा भारांक थोडा वरखाली करून क्रम टिकतो का ते आधी तपासा.