कुरण नोंद: शेपटीचे केस, बांधावरची सुबाभूळ आणि बदललेला बेत

कारण सापडलं. आमच्या चांदणी घोडीची शेपूट विरळ होतेय ती सुबाभळीमुळे. तिचे केस का गळतात असं मागच्या नोंदीत विचारलं होतं, तेव्हा बहुतेकांचं मत चिलटं चावून होणाऱ्या पावसाळी खाजेकडे झुकलं होतं. भीमेकाठच्या या दिवसांतली चिलटं पाहता मलाही आधी तेच वाटलं. पण चिलटांच्या खाजेत घोडं खांबाला, भिंतीला शेपूट घासतं, केस मध्येच तुटतात, कातडीवर खपल्या धरतात. चांदणीची कातडी स्वच्छ होती आणि ती कुठेही अंग घासत नव्हती. खरारा करताना आयाळीची बटच्या बट मुळासकट हातात यायची, आणि तिला त्याचं काही वाटायचंही नाही.

डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली. खरजेचे किडे नाहीत, बुरशी नाही. पुढच्या पायांच्या खुरांवर मात्र आडव्या वळ्या उठलेल्या दिसल्या. केस आणि खूर दोन्ही एकदम बिघडले की सेलेनियम या खनिजाच्या अतिरेकाचा संशय घ्यावा लागतो. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या काही पट्ट्यांत मातीतच ते जास्त आहे आणि तिथल्या जनावरांना असा त्रास होतो. आमचा सगळा चारा मात्र घरचा किंवा शिवारातला. शिवाय बिजलीला, म्हणजे आमच्या म्हाताऱ्या भीमथडी घोडीला, तीच चंदी, तेच पाणी, तीच वैरण, आणि तिची शेपूट जमिनीला टेकेल इतकी भरघोस. दोघींत फरक एकच. बिजली पश्चिमेच्या तुकड्यात चरते आणि चांदणी पूर्वेच्या.

पूर्वेच्या बांधावर शेजारच्या रानातली जुनी सुबाभूळ आहे. दरवर्षी सरपणासाठी तोडतात, दरवर्षी दुप्पट फुटते. पहिल्या पावसानंतरचे कोवळे धुमारे कुंपणावरून आत झुकले होते. नीट पाहिलं तर घोडीची मान पोहोचेल तितक्या उंचीपर्यंत पाला साफ, त्याच्या वर हिरवागार. त्याहून वाईट म्हणजे मारवेल गवताच्या ओळींमध्ये शेंगांतून पडलेल्या बियांची रोपं उगवली होती आणि त्यांचेही शेंडे खुडलेले होते. डॉक्टरांना बांध दाखवला तेव्हा त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही.

हे जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे अजूनही 'सुबाभूळ म्हणजे उत्तम चारा' हे वाक्य बिनधास्त घोड्यांनाही लावलं जातं. सुबाभळीत मिमोसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. कोवळे शेंडे आणि बिया यांत ते सर्वांत जास्त, आणि जनावराला आवडतातही नेमके तेच. केसांच्या मुळाशी जिथे पेशी भराभर वाढतात तिथे ते वाढ रोखतं, म्हणून आयाळ आणि शेपूट आधी जाते. मग शेजाऱ्यांच्या शेळ्या तीच सुबाभूळ खाऊन धडधाकट कशा? उत्तर त्यांच्या कोठीपोटात, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभळीवर चरणाऱ्या गुरांना त्रास व्हायचा, हवाई बेटांवरच्या शेळ्यांना होत नसे. ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी १९८०च्या दशकात त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू गुरांना दिले आणि गुरं सुबाभूळ पचवू लागली. १९९२ साली त्या जिवाणूला सिनर्जिस्टीस जोन्सी असं नावही मिळालं. घोड्याला कोठीपोट नाही. त्याचा चारा आंबतो तो लहान आतड्याच्या पुढे, मोठ्या आतड्यात, आणि तोवर बरंचसं मिमोसिन रक्तात गेलेलं असतं. म्हणून माझं ठाम मत असं की गुराढोरांसाठी लिहिलेली चाऱ्याची यादी घोड्याच्या कुरणाला जशीच्या तशी लावू नये.

आता खरी डोकेदुखी. सुबाभूळ मरत नाही. तोडली की बुंध्यातून धुमारे येतात. शेजाऱ्यांशी बोलून बांधावरची झाडं काढायचं ठरलं, त्यांनीही मोठ्या मनाने होकार दिला, आणि जेसीबीने बुंधे मुळासकट उपटले. पण माती हलली, आणि आठवडा-दोन आठवड्यांत त्या पट्ट्यात रोपांचं दाट रान उठलं. सुबाभळीच्या बीचं कवच इतकं कठीण असतं की ती मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहते. रोपवाटिकेत तिला उगवायला गरम पाण्यात बुडवावं लागतं. इथे जेसीबीच्या दातांनी बरंच काम फुकटात करून दिलं.

तणनाशकाचा बेत होता. बुंध्यावर लावणं वेगळं, पण आता सगळ्या पट्ट्यावर फवारावं लागेल आणि मारवेलसोबत आलेला स्टायलो आणि दशरथ घास हा चाराही जळून जाईल. शिवाय फवारल्यावर सुकणारा पाला घोड्यांना अचानक गोड लागू लागतो, ही जोखीम मला नको. त्यामुळे सध्या एकच उपाय चालू आहे: पाऊस उघडला की ओल्या मातीतून रोपं हाताने उपटायची. वीतभर होईपर्यंत सोटमूळ अख्खं निघतं, नंतर खुरपं आणि मग पहारच लागते. उपटलेला सगळा पाला लगेच बाहेर नेतो. एक ढीगही घोड्यांच्या आवाक्यात ठेवत नाही.

हे लिहिता लिहिता एक वेगळं सुचलं. उपटलेली रोपं मी ज्या धनगर कुटुंबाच्या शेळ्यांना देतो, त्या शेळ्याच पट्ट्यात का आणू नयेत? घोड्यांची चरण्याची पाळी संपली की तात्पुरतं कुंपण घालून त्यांना तिथे सोडायचं. त्या रोपं खुडत राहतील आणि खुडून खुडून मुळं थकतील. दुसरा फायदा कृमींचा. घोड्याचे बहुतेक कृमी शेळीच्या पोटात वाढत नाहीत, त्यामुळे गवतावरच्या अळ्या त्यांच्या पोटात जाऊन संपतात. ट्रायकोस्ट्राँगायलस ॲक्सी हा एक अपवाद, तो दोघांनाही होतो, म्हणून लीद तपासणी सुरूच ठेवणार. शेळ्यांनाही दिवसभर फक्त सुबाभूळ नको, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच बरी. पुढे मेमध्ये पाणी देऊन उरलेलं बी मुद्दाम उगवून घ्यायचं आणि पावसाआधी उपटायचं, असंही डोक्यात आहे. दोन्ही एकत्र जमले तर तणनाशकाची बाटली बंदच राहील.

बाकी कुरणाची बातमी चांगली आहे. फुले मारवेल ०६-४० अप्रतिम रुजलं आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा हा वाण आणि आमच्या मुरमाड जमिनीत त्याने घट्ट विण धरली आहे. ठोंबांचा पहिला माल एका खासगी रोपवाटिकेतून पोत्यात भरून आला होता, तो निम्मा वाळलेला निघाला. तेव्हा माझा सल्ला, ठोंबं स्वतः जाऊन काढताना पाहा, मुळांना ओली माती असेल तरच घ्या आणि त्याच दिवशी लावा. कुसळी गवत मात्र पश्चिमेच्या उतारावर अजून आहे. फुलोऱ्याआधी कापली तर चाराच, नंतर तिची कुसळं हिरड्यांत रुततात, म्हणून विळा आत्ताच चालवायचा. खुळखुळ्याची रोपंही सापडतील तिथे काढतो, त्याने घोड्याचं यकृत जातं. गाजर गवतावर त्याचा पाला खाणारे मेक्सिकन भुंगे आपोआप आले आहेत, त्यांना छेडलेलं नाही.

काटेरी तार पूर्ण काढली. तिच्या जागी झटका मशीन आणि रुंद पांढरी पट्टी. पट्टी महाग पडते, पण बारीक तार पळत्या घोड्याला दिसतच नाही, त्यामुळे इथे पैसे वाचवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

चांदणी आता बिजलीच्या तुकड्यात आहे. काल खरारा करताना आयाळीच्या मुळाशी बोटाला खरखरीत लागलं. भिंग लावून पाहिलं, नवे केस! किती आनंद झाला ते तुम्हाला सांगायला नको. आयाळ महिन्याला साधारण इंचभर वाढते आणि शेपटीला वर्षाहून जास्त लागेल, म्हणून दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तिला नेण्याचा बेत पुढच्या वर्षावर ढकलला आहे. शेळ्यांची पहिली पाळी पुढच्या आठवड्यात. ज्यांनी घोड्यांमागून शेळ्या चारून पाहिल्या असतील त्यांनी दोन पाळ्यांत किती अंतर ठेवलं ते जरूर कळवा, मारवेलला पुन्हा फुटायला पुरेसा वेळ मिळायला हवा.