एनआरव्ही असताना आणखी एक व्हॉल्व्ह कशाला?

आमच्या इमारतीत एकाच मेन लाइनचे दोन फाटे आहेत. एक पिण्याच्या पाण्याचा, दुसरा एसीच्या कूलिंग टॉवरचा. टॉवरच्या पाण्यात गंज आणि शेवाळ धरू नये म्हणून रसायनं घालतात. ते पाणी मागे फिरून नळाला आलं तर काय, असं तपासणीला आलेल्या अभियंत्यांनी विचारलं. देखभाल माझ्याकडे, त्यामुळे उत्तर शोधणंही माझ्याच गळ्यात पडलं.

प्लंबरदादांचं उत्तर तयार होतं. "एनआरव्ही आहे की मॅडम." होता खरा, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पण त्याच्या झडपेखाली वाळूचा कण अडकला किंवा सीटवर क्षार साचले, की झडप नीट बसत नाही आणि बाहेरून ते कुणालाच कळत नाही. माझा आक्षेप एवढाच होता.

पाणी उलटं फिरायला फार काही व्हावं लागत नाही. रस्त्यावरची मोठी लाइन फुटली किंवा आग विझवायला हायड्रंटवरून पाणी उपसलं, की दाब पडतो आणि पुढचं पाणी मागे ओढलं जातं. नाहीतर पुढच्या बाजूचा पंप, बॉयलर किंवा उंचावरची टाकी ते मागे ढकलते. दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब असतो. १९३३ साली शिकागोतल्या दोन हॉटेलांत सदोष नळजोडणीमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं, आमांशाची साथ पसरली आणि ९८ माणसं दगावली.

खरं तर सगळ्यात भरवशाचा उपाय व्हॉल्व्ह नव्हेच, हवेची मोकळी फट. पाइपचं तोंड टाकीच्या काठापासून पाइपच्या व्यासाच्या निदान दुप्पट उंच ठेवायचं. मग पाणी मागे जाणार कसं? पण आमच्या टॉवरची फ्लोट व्हॉल्व्हची जोडणी काठाच्या खाली होती आणि वर सरकवायला जागाच नव्हती. म्हणून आरपीझेड, म्हणजे पाणी मागे फिरू न देणारा 'रिड्यूस्ड प्रेशर झोन' व्हॉल्व्ह.

यात स्प्रिंगच्या दोन झडपा एकापाठोपाठ असतात आणि त्यांच्यामधल्या कप्प्याला खाली एक रिलीफ व्हॉल्व्ह. मधल्या कप्प्यातला दाब येणाऱ्या दाबापेक्षा कायम कमी राहतो. हा फरक २ पीएसआयच्या (सुमारे ०.१४ बार) आसपास उतरला की रिलीफ उघडतो आणि पाणी मागे जाण्याऐवजी जमिनीवर सांडतं. म्हणजे हा बिघडला तर लपत नाही, गळून दाखवतो. साध्या एनआरव्हीपेक्षा मला हेच आवडलं.

बसवण्यापूर्वी लाइन भरपूर वाहू दिली, कारण पाइप कापतानाचा कीस आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे थेट झडपेत जातात. जागा जमिनीपासून उंच आणि पाणी न तुंबणारी हवी. खड्ड्यात बसवला आणि रिलीफचं तोंड पाण्याखाली गेलं, तर तिथूनच घाण आत येऊ शकते. खाली निचऱ्याची मोठी लाइनही लागते. रिलीफ पूर्ण उघडला की धो धो पाणी येतं.

मग चाचणी. टेस्टरने व्हॉल्व्हवरच्या दुसऱ्या टेस्ट कॉकला (दाब तपासायच्या छोट्या नळाला) गेजची एक नळी लावली, तिसऱ्याला दुसरी, आणि पुढचा बॉल व्हॉल्व्ह बंद केला. काटा स्थिरावल्यावर गेजची बारीक चावी अगदी हळू सैल करत तो रिलीफखाली हात धरून बसला. काटा उतरत गेला, पहिला थेंब तळहातावर पडला आणि त्याच क्षणी त्याने आकडा वाचला. २ च्या वरच, पास. दुसऱ्या झडपेवर उलटा दाब देऊन तीही धरते का, हे पाहिलं. दोन्ही ठीक. ही चाचणी दरवर्षी करायची असते.

पुढे एकदा रिलीफ ठिबकायला लागला. पाणी वाहताना थांबायचा, बंद असताना पुन्हा सुरू. पहिल्या झडपेत कचरा अडकल्याची ही खूण. प्लंबरदादा तोंडाला प्लग ठोकायला निघाले होते, मी म्हणाले, "तेवढं सोडून काहीही करा." झडप उघडली तर रबराच्या वायसरवर खडीचा बारीक कण रुतला होता. तो काढला, वायसर उलटून बसवला आणि चाचणी पुन्हा करून घेतली. आता व्हॉल्व्हच्या अलीकडे असलेल्या स्ट्रेनरची, म्हणजे गाळणीची, जाळीही धुतो.