मुठेकाठी टेप धरताना

आज विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या काठावर वनस्पतींची नोंद. नदीशास्त्र म्हटलं की लोकांना होडी आठवते, प्रत्यक्षात दिवस जातो टेप ताणण्यात.

टेप प्रवाहाला काटकोनात, पाण्याच्या कडेपासून वर चढापर्यंत. टेपच्या कडेने मोजणीसाठी चौकोन आखायचे: गवताला १ बाय १ मीटरचा, झुडपांना ५ बाय ५, झाडांना १० बाय १०. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर. नवशिके हमखास चुकतात ते मोजणीचा शून्य, म्हणजे सुरुवातीचा बिंदू, ठरवण्यात. पाण्याची कड हाच कायमचा शून्य धरला, तर खडकवासला धरणातून विसर्ग वाढताच ती सरकते आणि मागच्या वर्षीची नोंद जुळत नाही. म्हणून पक्क्या खडकावर रंगाची खूण करायची आणि सगळी अंतरं तिथून मोजायची. विसर्गाची चौकशी न करता पात्रात उतरणं हा तर शुद्ध आगाऊपणा.

शेरणी हे नदीकाठचं झुडूप दिसलं की काठ वाचायला सोपा जातो. अरुंद पानं, लवचिक फांद्या, खडकाच्या फटीत घट्ट मुळं. पुरात आडवी होते, मोडत नाही. वाळुंज हा काठावरचा वृक्षही तसाच, ओल्या गाळात रुजणारा. काठाला दगडी भिंत घातली की फटही गेली, गाळही गेला. मग उरतात बेशरम, सुबाभूळ आणि संथ सांडपाण्यावर माजलेली जलपर्णी. याला ‘हिरवा काठ’ म्हणायचं धाडस होत नाही.

वनस्पतींचे नमुने वाळवायला दाबताना टीपकागद पहिले काही दिवस रोज बदला. पाणवनस्पतींत ओल फार असते. आळस केला की बुरशी. फुलाचा रंग मात्र जागेवरच लिहा, वाळल्यावर तो टिकत नाही.