आमची वाटचाल: फुलांच्या कमानीपासून रिसेप्शनच्या रांगेपर्यंत

आमच्या व्यवसायाची सुरुवात सजावटीची. पुण्यात डीपी रस्त्यावरची लॉन्स आणि कर्वे रस्त्याच्या आसपासची कार्यालयं हा आमचा परिसर. स्टेजमागचा पडदा, प्रवेशाची कमान आणि माळा लावल्या की ठरलेलं काम संपायचं. पण सजावटवाल्यांना सामान उतरवायला शेवटपर्यंत थांबावं लागतं, त्यामुळे गर्दी नेमकी कुठे तुंबते ते समोर दिसायचं. त्यातूनच पूर्ण रिसेप्शन सांभाळायचं काम आम्ही घ्यायला लागलो.

रिसेप्शनचं सगळं गणित स्टेजवरच्या रांगेत आहे. ६०० पाहुणे म्हणजे साधारण २०० कुटुंबं. भेट, पाकीट आणि फोटो धरून प्रत्येकी ४० सेकंद लावले तरी सव्वादोन तास होतात. पत्रिकेत सातची वेळ आहे आणि नवरा-नवरी पावणेआठला स्टेजवर आले, तर शेवटचं कुटुंब दहाला उतरणार. दहानंतर उघड्या लॉनवर लाउडस्पीकर चालत नाही. शिवाय ताटकळलेली माणसं आधी जेवायला वळतात, म्हणजे बुफेही तुंबतो.

हा उशीर बहुतेक वेळा मेकअपच्या खोलीत झालेला असतो. दुपारचं लग्न असेल तर पंगती उरकायला तीन वाजतात. मुंडावळ्या, गजरे, पिना काढून केस मोकळे करायलाच अर्धा तास जातो, हे वेळापत्रकात कुणी धरत नाही. आम्ही नवरीला सव्वाचारला खुर्चीत बसवतो आणि दोघांचे खास फोटो साडेसहा ते सात या वेळात, पाहुणे यायच्या आत उरकतो.

स्टेजला एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं, हे सजावट ठरतानाच नक्की करावं लागतं. नंतर जिना हलवता येत नाही. पायरी सहा इंचांची, कठडा पक्का. खाली आमचा एक माणूस पुढच्या कुटुंबाला थांबवतो आणि फोटोग्राफरने हात केला की सोडतो. वर नात्यातला कुणीतरी, शक्यतो मामा किंवा काका, माणसं ओळखून सांगायला उभा हवा. आजी-आजोबांना रांगेत उभं करू नये. त्यांच्यासाठी नवरा-नवरीनेच दोन मिनिटं खाली यावं. त्याने रांग थांबते, पण तेवढं थांबायलाच हवं. आहेराची पाकिटं घरच्याच ठरलेल्या माणसाकडे, चेनच्या बॅगेत जातात. आमची माणसं त्यांना हात लावत नाहीत.

साडेआठच्या सुमारास रांग दहा मिनिटं थांबवून दोघांना मागे लिंबू सरबत आणि कटलेटसारखं कोरडं काहीतरी देतो. रस्सा आणि चटणी नाही, कपड्यांवर डाग पडतात. घरच्यांची ४० पानं नऊ वाजताच झाकून वेगळी काढून ठेवतो, कारण गुलाबजाम आणि आईस्क्रीम सर्वांत आधी संपतं आणि यजमान जेवायला बसतात तेव्हा भातच उरलेला असतो.

केटररशी वाद होतो तो ताटांच्या हिशेबावरून. सुरुवातीला घरच्या माणसासमोर ५०-५० च्या थप्प्या मोजायच्या, शेवटी उरलेल्या मोजायच्या आणि दोन्ही आकड्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. एकाच पाहुण्याने दुसरं ताट घेतलं तर ते कसं धरायचं, हे आधीच लिहून ठेवायचं. फोटोग्राफर, ड्रायव्हर, साऊंडवाले यांची कुपनं वेगळी.

कॉफीचं मशीन आणि साऊंड एकाच फेजवर असलं की हमखास ट्रिप होतं, म्हणून दुपारीच इलेक्ट्रिशियनकडून फेज वेगळे करून घेतो. जनरेटर सुरू होईपर्यंत साऊंडचा मिक्सर यूपीएसवर असतो.

आम्ही ठरलेली फी घेतो, केटरर-डेकोरेटरकडून कमिशन नाही. थंड पडलेली भाजी परत पाठवायला तेवढी मोकळीक लागते. हॉल सोडताना मेकअपच्या खोलीतले ड्रॉवर, बाथरूमच्या दारामागचे हूक आणि स्टेजच्या सोफ्याच्या फटी तपासतो. राहिलेल्या अंगठ्या आणि मोबाइल तिथेच सापडतात.