आमची वाटचाल: ‘सात नंबर’चं पान

पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी, उरुळी कांचन या पट्ट्यात रोपवाटिकांना तोटा नाही. टोमॅटोचे प्रोट्रे, म्हणजे रोपं वाढवायचे कप्प्यांचे ट्रे, इथे भरतात ते शेतकऱ्यांसाठी, एकरांच्या हिशेबाने. याच पट्ट्यात आम्ही घरच्या बागेसाठी टोमॅटो करायला घेतला तेव्हा “कुंडीवाल्या गिऱ्हाइकावर धंदा चालत नाही” असं ऐकवणारे भरपूर होते. आज आमचं निम्म्याहून जास्त उत्पन्न कुंडीवाल्यांकडून येतं, आणि त्यातला मोठा वाटा एकाच वाणाचा आहे. त्या वाणाला आम्ही नाव दिलं नाही, निवड केलेल्या झाडाचा नंबरच कायम ठेवला: सात.

बाजारातला संकरित टोमॅटो नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या क्रेटसाठी घडवलेला असतो. वीस किलोच्या क्रेटमध्ये तळाचं फळ फुटता कामा नये, दिल्लीपर्यंत टिकलं पाहिजे. म्हणून साल जाड, गर घट्ट, रस कमी, आंबटपणा बेताचा. यात गैर काही नाही, शेतकऱ्याला तेच हवं. पण गच्चीवर तेच झाड लावलं तर ते डोक्याच्या वर जातं, वाऱ्याने कुंडीसकट आडवं होतं आणि त्या फळाचं सार पांचट लागतं. उलट गावरान टोमॅटो, तो चपटा, रेघारेघांचा, पातळ सालीचा, सारासाठी अव्वल. पण झाड अस्ताव्यस्त वाढतं आणि पावसात फळं तडकतात. आम्हाला गावरानची चव ठेंगण्या झाडावर हवी होती.

मादी वाण म्हणून आम्ही छंदी बागवानांच्या देवाणघेवाणीतून मिळालेलं एक ठेंगणं, बटाटापानी झाड घेतलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: टोमॅटोच्या नेहमीच्या पानाची कड कातरलेली असते, बटाटापानी झाडाची सलग आणि सपाट. ठेंगणेपणा आणि बटाटापान, दोन्ही गुण दबते आहेत, म्हणजे आई-बाप दोघांकडून आले तरच दिसतात, आणि वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. म्हणजे उंच, कातरपानी गावरान नराशी संकर केला की एफ-१ ची, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीची, सगळी रोपं उंच आणि कातरपानी निघतात. एखादं बटाटापानी निघालं तर समजायचं की मादी फुलावर तिचेच परागकण पडले. ते रोप तिथेच उपटायचं. संकर साधला की नाही याची शहानिशा ट्रेमध्येच होते, फळाची वाट बघावी लागत नाही.

हत्यारं साधी आहेत. घड्याळजीचा टोकदार चिमटा, भिंगं, रंगीत लोकर, जाळीच्या पुरचुंड्या आणि बॅटरीवरचा टूथब्रश. चिमट्यात मात्र काटकसर करू नका. टोकं जुळत नसतील तर कुक्षी, म्हणजे मधल्या दांड्याचं परागकण झेलणारं टोक, दुखावते आणि फूल गळतं. संध्याकाळी उद्या उमलेल अशी कळी निवडायची. पाकळ्या फिकट पिवळसर दिसू लागल्या आहेत पण मिटलेल्या आहेत, आतल्या पुंकेसरांची नळी अजून हिरवट आहे, ही योग्य वेळ. पाकळ्या गर्द पिवळ्या झाल्या की उशीर झाला, आत परागण होऊन गेलेलं असतं. पाकळ्यांसकट ती नळी एका बाजूने फाडून अलगद काढायची, मधला हिरवा दांडा तेवढा उरला पाहिजे. घोसातली बाकीची फुलं खुडून टाकायची. देठाजवळच्या हिरव्या दलांपैकी दोन कात्रीने छाटायची. ती खूण फळ पिकेपर्यंत राहते, लोकर निसटली तरी गोंधळ होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहाच्या सुमारास नर झाडाच्या ताज्या फुलाला टूथब्रशची मागची बाजू लावली की परागकण भुरभुर पडतात. खाली काळा चमचा धरला म्हणजे दिसतात. कुक्षी त्यात टेकवायची, पुरचुंडी बांधायची, पुढच्या सकाळी पुन्हा एकदा परागकण लावायचे. चार-पाच दिवसांत दांड्याचं बूड फुगलं तर काम झालं. दिवसाचं तापमान ३५ अंशांवर आणि रात्रीचं २२-२३ च्या वर राहत असेल तर हा खटाटोप करू नये, परागकणच निकामी होतात. पुण्यात एप्रिल-मे म्हणूनच फुलगळीचे महिने. नोव्हेंबर ते जानेवारी हे संकराचे दिवस.

एफ-२ मध्ये, म्हणजे एफ-१ च्या फळांतल्या बियांपासून उगवलेल्या पिढीत, ठेंगणं आणि बटाटापानी, दोन्ही गुण एकत्र आलेलं रोप सोळात एक मिळतं. ९८ कप्प्यांचे दोन ट्रे भरले तर साधारण बारा. कुणाच्याही बाल्कनीत मावणारा हा हिशेब आहे. बाकीची रोपं लागवडीआधीच बाद करता येतात, त्यामुळे जागा आणि कुंड्या वाचतात. चव, साल, उन्हातली फळधारणा यांची निवड पुढे एकेका झाडावर. दर पिढीत मिश्रपणा निम्मा होतो: एफ-२ मध्ये पन्नास टक्के, एफ-३ मध्ये पंचवीस, आणि एफ-७ ला दीड टक्क्याच्या आसपास. संकर २०१२ चा. वर्षाला दोन पिढ्या घेत २०१६ च्या सुरुवातीला सात नंबर एफ-७ ला पोचला. तोपर्यंत आम्ही त्याचं एकही पाकीट विकलं नाही. मधल्या काळात २०१४ मध्ये टुटा ही नवी नागअळी पुणे भागात आली आणि जाळीशिवाय निवड-प्लॉट ठेवणं बंद झालं.

चवीची परीक्षा कोथरूडच्या एका काकूंनी घेतली. एफ-३ पासून प्रत्येक निवडीची चार-चार रोपं त्यांच्या गच्चीवर जायची. काकूंची एक वही आहे: पहिलं फूल कधी, पहिलं फळ कधी, साराला चिंच किंवा आमसूल लागलं की नाही. सात नंबरपुढे “काही घालावं लागलं नाही” अशी नोंद आहे. त्यावरच निवड पक्की झाली.

पुढची काही वर्षं बरी गेली. टाळेबंदीत गच्चीवरच्या बागा वाढल्या, मागणी वाढली. मग आला २०२३ चा जुलै. टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला आणि ज्यांनी कधी तुळसही लावली नव्हती त्यांनाही टोमॅटोचं रोप हवं झालं. आमच्याकडूनच ट्रे नेणाऱ्या एका विक्रेत्याने या गर्दीत ‘सात नंबर देशी’ अशी पाकिटं बाजारात आणली, आमच्या पाकिटाच्या निम्म्या भावात. आत बाजारातल्या संकरित फळांचं काढलेलं बी होतं, म्हणजे सरळ एफ-२. त्यातून एक झाड उंच, दुसरं बुटकं, एकाचं फळ अंडाकृती, दुसऱ्याचं गोल, आणि मूळ संकरितात असलेली बोकड्याविरुद्धची (पांढऱ्या माशीतून पसरणाऱ्या, पानं आकसवणाऱ्या विषाणूरोगाविरुद्धची) ताकदही सगळ्या रोपांत सारखी उतरलेली नाही. ऑगस्टमध्ये पांढरी माशी वाढली तशी पानं आकसली, शेंडे झुडपासारखे झाले. लोकांनी फोन केले ते आम्हाला.

त्या हंगामात आम्ही बुडता बुडता राहिलो. दुकानदारांनी माल परत पाठवला आणि आधीच्या मालाचे पैसेही अडकवले. शेडनेटचे हप्ते चालू होते, टेम्पो विकावा लागला. ट्रेमध्ये रोप २५ ते ३० दिवसांत जायला हवं. त्यापुढे मुळांची गुंडाळी होते, खालची पानं पिवळी पडतात, कप्प्यातच कळी येते. असं रोप लावलं तरी ते पुन्हा जोमाने उठत नाही. शेकडो ट्रे खताच्या खड्ड्यात गेले. संबंधित कार्यालयात आम्ही तक्रार दिली. त्या पाकिटावर लॉट नंबर नाही, उगवणशक्ती नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, गिऱ्हाइकाकडे पावती नाही, तेव्हा कारवाई कुणावर करायची, असं उत्तर मिळालं. टोमॅटोच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण, ९८ टक्के शुद्धता आणि जास्तीत जास्त ८ टक्के ओलावा हे निकष आहेत. जो लेबल लावतो तो निकषात सापडतो, आणि जो काहीच छापत नाही तो सुटतो. याचा राग आम्हाला आजही आहे.

सोडवणूक काकूंनी केली. त्यांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी पेरली होती. फोनवर म्हणाल्या, “अहो, हे तुमचं पान नव्हे. कातरलेलं आहे.” मग आम्ही प्रत्येक दुकानात काउंटरवर एक ९८ चा ट्रे ठेवला. डावीकडे आमच्या लॉटचं बी, उजवीकडे त्या पाकिटातलं, मध्ये आइस्क्रीमच्या काड्यांची रांग. पहिली दोन खरी पानं फसवी असतात. तिसऱ्या-चौथ्या पानापासून फरक उघड होतो. डावीकडे जाड दांड्याची, गर्द हिरवी, सुरकुतल्या सलग पानांची ठेंगणी रोपं, उजवीकडे लांब पेरांची कातरपानी गर्दी. कुणालाही पुरावा समजावून सांगावा लागला नाही. दिवाळीनंतर दुकानं परत आली. तो विक्रेता आता शोभेची झाडं विकतो. अडकलेल्या पैशांपैकी काही अजून यायचे आहेत.

म्हणून प्रत्येकाला सांगतो, आमच्या वाणाचं बी घरी जरूर धरा. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क आहे. ब्रँड लावून विकायला तेवढी मनाई आहे. टोमॅटो स्वतःच्याच परागावर फळतो, आपोआप होणारा परसंकर सहसा पाच टक्क्यांच्या आत असतो. आमच्या वाणात तो झालाच तर पुढच्या पेरणीत उंच कातरपानी रोप दिसेल, तेवढं उपटा.

बी काढताना फळ झाडावर पूर्ण पिकू द्या. गर पेल्यात काढून थोडं पाणी घाला आणि दिवसातून दोनदा ढवळत दोन-तीन दिवस आंबवा. उन्हाळ्यात एक-दीड दिवस पुरतो, त्याहून ठेवलं तर बी पेल्यातच मोड धरतं. गाळणीत चोळून धुवा, चिनी मातीच्या ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटतं, कडक उन्हात अंकुर मरतो. सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या बरणीत, थंड जागी हे बी पाच वर्षं सहज टिकतं.

कुंडीबद्दलही एक-दोन गोष्टी बोलायला हव्यात, कारण तक्रारींपैकी बहुतेक तिथल्याच असतात. सात नंबरला १५ लिटरची पिशवी पुरते: चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, तीन भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. फळाचं बूड काळं पडलं की लोक अंड्याची टरफलं टाकतात. टरफलातला कॅल्शियम त्या हंगामात झाडाला लागत नाही, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम कमी नसतोच. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल असं पाणी दिल्याने तो फळापर्यंत पोचत नाही. रोज ठरलेल्या वेळी पाणी द्या आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. युरिया देऊ नका, नुसता पाला वाढतो. ठेंगण्या झाडाची बगलफूट काढायची गरज नाही, एक तीन फुटी काठी आणि सैल बांधलेली सुतळी बास. आणि तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना हात लावू नका. मोझॅकचा विषाणू तंबाखूतूनही येतो.

सध्या सात नंबरचा बोकड्याला तग धरणाऱ्या एका वाणाशी संकर चालू आहे. पिढी एफ-४ आहे. ठेंगणी, बटाटापानी रोपं निवडून झाली, पांढऱ्या माशीच्या दिवसांत ती जाळीबाहेर मुद्दाम उघडी ठेवली आणि त्यातली जी सरळ पानांची राहिली त्यांचंच बी धरलं. दुकानदार आत्तापासून विचारतात. एफ-७ होऊन सलग दोन पिढ्यांत ट्रेमध्ये एकही परकं पान दिसलं नाही, तरच त्याला नंबर मिळेल. तोवर त्याचं पाकीट कुणी देऊ केलं तर ते आमचं नाही.