हजेरीपटावरची आडवी ओळ

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात असलेल्या एका जिल्हा परिषद शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीचा अभ्यास करणारी विधिमंडळाची समिती आमच्याकडे जानेवारीत, म्हणजे निम्मे गाव ऊसतोडीला गेलेले असताना आली, हे बरेच झाले. जूनमध्ये आली असती तर तिला भरलेले वर्ग दिसले असते.

स्थलांतरितांची माहिती तयार होती. आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलांना, तिकडच्या शाळेत बसता यावे म्हणून, शिक्षण हमी कार्ड दिलेले होते, मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह सुरू होते. सरासरी उपस्थितीही बरी होती आणि अशा दौऱ्यांत सहसा तेवढेच विचारले जाते. एका महिला आमदारांनी मात्र चौथीचा हजेरीपट मागवला आणि बेरजेचा रकाना सोडून एकाच मुलीची ओळ आडवी वाचत गेल्या. जवळजवळ प्रत्येक आठवड्यात दोन-तीन लाल खुणा होत्या.

“गुरुजी, ही शाळाबाह्य मुलांच्या यादीत कशी नाही?”

“ताई, सलग महिनाभराहून जास्त गैरहजर राहिली तरच ती शाळाबाह्य ठरते. ही मधूनमधून येते.”

आईवडील कर्नाटकातल्या कारखान्याला गेलेले असल्याने आजीला बोलावले. “म्या तुरी काढाया गेल्यावर बारक्याला कोन बघंल, बाई?” एवढेच ती म्हणाली. बारक्या दोन वर्षांचा. अंगणवाडीत तीन वर्षे पूर्ण झालेली मुले बसतात, त्याहून लहानांना घरी नेण्यापुरता पोषण आहार मिळतो. त्यामुळे आजीच्या मजुरीच्या दिवशी बहिणीची शाळा बुडणार, हे ठरलेलेच होते.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळेच्या दिवसांपैकी 10 टक्के दिवस बुडाले, की कारण कोणतेही असो आणि खाडे सलग असोत वा तुटक, ते मूल दीर्घकालीन गैरहजर धरतात. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस ठरवले आहेत. त्या हिशेबाने 20 खाडे झाले, की मुलाचे नाव पुढे यायला हवे. आमच्याकडे खाड्यांची बेरीज होते, पण ती सरासरीत विरून जाते.

आमदारताईंनी अशा सर्व मुलांची यादी कारणांसह मागितली. शिक्षकांनी ती दुपारीच तयार केली. विहित प्रपत्रात त्यासाठी जागा नव्हती, म्हणून ती कोऱ्या कागदावर लिहून समितीच्या कर्मचाऱ्यांकडे दिली आणि रीतसर पोच घेतली.