चमच्याने पाणी पाजायचं काम

खानापूर तालुक्यात पावसाळ्याच्या दिवसांत पोरांची पोटं बिघडायला निमित्त लागत नाही. आमच्या तीन वर्षांच्या मुलीला जेवण झाल्यावर उलटी झाली, मग लागोपाठ होतच राहिली. बाहेर मुसळधार पाऊस, घरात वीज नाही.

सासूबाईंनी आधी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. काढू दिली, त्याने पोटात काही जात नाही, हे बरंच. पण पोर तहानेने रडायला लागली तसा त्यांनी भरला पेला तिच्या तोंडाला लावला. तिथे मी आडवी आले. "आई, एवढं एकदम नको. उलटून पडेल."

आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या अक्कांनी सांगितलेलं मला पक्कं होतं. उलटी झाली की दहा मिनिटं काहीच द्यायचं नाही. मग ओआरएसचं, म्हणजे मीठ-साखरेच्या पुडीचं पाणी एक-दोन मिनिटांनी चहाचा एक चमचा. हिशोब केला तर दोन मिनिटांना 5 मिली म्हणजे तासाला 150 मिली, आणि तेवढं पोटात टिकतं. पेलाभर पाजलेलं दोन घोटांतच बाहेर येतं. पुन्हा उलटी झाली तर पुन्हा दहा मिनिटं थांबायचं आणि परत चमच्यावर यायचं. कंटाळवाणं काम आहे, औषध पाजून मोकळं व्हावं तसं नाही.

पुडी घरात होती. मोठी पुडी 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण ओतायची, अर्धी करायची नाही. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं. कालवलेलं 24 तासांनी टाकून द्यायचं. पुडी नसती तर 1 लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. दुकानात मिळणारी गोड पेयं, सोडा, डब्यातला ज्यूस मी आणू दिलं नाही. त्यातली साखर जुलाब वाढवते.

नजर मात्र दुसरीकडेच होती: लघवी. सहा-आठ तास झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, पोर मलूल पडली, हिरवी किंवा रक्ताची उलटी झाली, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. 108 ला फोन लावायची तयारी ठेवली होती. उलटी थांबवायची गोळी शेजारणीने आणून दिली, ती डब्यातच ठेवली. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देणार नव्हते.

पहाटे तिने लघवी केली. सासूबाई म्हणाल्या, "झालं गं, आता भूक लागंल." लागलीही. मऊ भात खाल्ला तिने, दोन-तीन घास.

मग जुलाब सुरू झाले, तेव्हा खानापूरला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी ओआरएस चालू ठेवायला सांगितलं आणि झिंकची गोळी दिली, 14 दिवस रोज एक, जुलाब थांबले तरी. गोळी चमचाभर पाण्यात विरते. पोरगी थुंकते, मग परत विरवायची.